‘घरबसल्या कानटोप्या विणा’: जाहिरातीचं गणित आधी वजनकाट्यावर मांडा

ऑक्टोबर लागला की ही जाहिरात फिरायला लागते. ‘घरबसल्या लोकरीच्या कानटोप्या विणा, महिना १५ ते २० हजार कमवा, कच्चा माल कंपनीचा.’ आमच्या विणकाम-बेकिंगच्या गटात या जाहिरातीपायी पैसे घालवलेल्या बायका आहेत, केकच्या खोट्या ऑर्डरीत घालवलेल्याही आहेत. अशा वेळी ओटीपी सांगू नका, पिन टाकू नका असे सल्ले मिळतात. ते बरोबरच आहेत. पण लबाडी त्याच्या बरीच आधी दिसते, लोकरीच्या वजनात आणि ओव्हनच्या मापात.

टोप्यांच्या धंद्याची पद्धत ठरलेली आहे. आधी नोंदणीचे चार-पाचशे रुपये. मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ दोन-अडीच हजार. मग आधार कार्डाचा फोटो आणि स्टँप पेपरवरचा करार, त्यावर मोबाइलवरूनच सही. त्यानंतर कुरिअरने किट येतं: किलोभर लोकर, एक क्रोशाची सुई, एक छापील कागद. किट खरोखर येतं, म्हणून विश्वास बसतो. घाऊक भावाची किलोभर ॲक्रिलिक (म्हणजे कृत्रिम लोकर) डिपॉझिटच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते, त्यामुळे त्यांचा फायदा त्याच दिवशी झालेला असतो. अट साधारण अशी असते: १० दिवसांत २४ टोप्या, दर टोपीला १५० रुपये मजुरी, मुदत चुकली किंवा माल नापास झाला तर डिपॉझिट जप्त आणि वर दंड.

आता वजन पाहा. ५६ सेंटिमीटर घेराच्या डोक्याची, मोठ्या माणसाची टोपी धरू. लोकर मध्यम जाड, म्हणजे १०० ग्रॅमच्या गुंड्यात सुमारे २०० मीटर भरणारी, सुई ५ मिलिमीटरची, वीण अर्ध्या खांबाची (हा क्रोशाचा मध्यम उंचीचा टाका). अशा टोपीला ८० ते १०० ग्रॅम लोकर लागते. काठ दुमडायचा असेल तर आणखी १५-२० ग्रॅम, मोठा गोंडा लावायचा तर त्याचे १५ वेगळे. कमीत कमी ८० ग्रॅम धरले तरी २४ टोप्यांना १,९२० ग्रॅम होतात, आणि किटमध्ये आहे एक किलो. बाराव्या टोपीपाशी लोकर संपते. पुढची ‘कंपनीकडूनच’ घ्यावी लागते, कारण बाजारात तोच रंग आणला तरी रंगाईचा लॉट वेगळा निघतो आणि टोपीत पट्टा दिसतो. हा दुसरा हप्ता. तो देताना बहुतेकींना वाटतं की अर्धं काम तर झालंच आहे.

वेळेचंही तसंच. सराईत हाताला एक टोपी साडेतीन तास घेते, टोकं आत ओवून गोंडा शिवण्यासकट. २४ टोप्यांना ८४ तास, म्हणजे १० दिवस रोज आठ तासांहून जास्त. जाहिरातीतले १५ हजार मिळवायचे तर महिन्याला १०० टोप्या, ३५० तास. मनगट राहील का, हा प्रश्न वेगळाच.

तरीही जिद्दीने २४ टोप्या वेळेत पाठवणाऱ्या बायका असतात. त्यांचा माल नापास होतो, आणि तो नापास होईल अशी सोय त्या छापील कागदातच केलेली असते. कागदावर ‘फोटोप्रमाणे, फ्री साइज’ एवढंच लिहिलेलं असतं. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके यायला हवेत, हे नसतं. हे न सांगता मापाची टोपी कुणीच विणू शकत नाही. समजा दहा सेंटिमीटरमध्ये अर्धे खांब १४ येतात. ७२ खांबांची टोपी ५१ सेंटिमीटरच्या आसपास होते. टोपी ताणून बसते, त्यामुळे ५६च्या डोक्याला हे बरोबर माप. आता हात जरा सैल असला आणि १४च्या जागी १३ आले, तर त्याच ७२ खांबांची टोपी ५५ होते. एका टाक्याने चार सेंटिमीटरचा फरक. ती ताणून बसत नाही, सैल पडते. दोन बायकांचे हात तर सोडाच, एकाच बाईचा सकाळचा आणि रात्री टीव्हीसमोरचा हातही एवढा बदलतो. त्यामुळे ‘साइज चुकली’ हे कारण कुठल्याही वेळी, कुणालाही लावता येतं.

खरा घाऊक गिऱ्हाईक तुमच्याकडून आधी पैसे घेत नाही. तो तयार मालाचं माप सांगतो, एखाद्या सेंटिमीटरची सूट लिहून देतो, एका टोपीचं वजन ठरवतो, एक नमुना विणून मागतो आणि तो मान्य करून त्यावर खूण करून परत देतो. पुढचा माल त्या नमुन्याशी ताडला जातो. कामाला हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: १० सेंटिमीटरमध्ये टाके किती, टोपीचं वजन किती, मान्य नमुना कोण ठेवणार? लबाडाला यातलं एकही सांगता येत नाही. ‘मॅडम, आधी नोंदणी करा, मग ट्रेनिंगमध्ये सांगू,’ हेच उत्तर येतं.

विकत मिळणाऱ्या पीडीएफ नमुन्यांतही हल्ली हाच घोळ आहे. फोटो सुरेख, पण संगणकाने बनवलेला. नीट पाहिलं तर वीण सुयांवरची दिसते आणि सूचना क्रोशाच्या असतात. पैसे देण्याआधी पहिल्या चार-पाच फेऱ्यांचे आकडे मागा. सपाट गोल माथ्यासाठी मुका खांब (सगळ्यात बुटका टाका) असेल तर फेरीला सहा वाढतात: ६, १२, १८, २४. अर्धा खांब असेल तर बहुधा आठ: ८, १६, २४, नवव्या फेरीला ७२. पूर्ण खांब (उंच टाका) असेल तर बारा. एखादा टाका इकडेतिकडे चालतो. पण ६, १४, २०, ३३ असे आकडे दिसले तर ती टोपी कुणी विणूनच पाहिलेली नाही. असा माथा सपाट राहत नाही: वाढ कमी पडली तर वाटीसारखा वळतो, जास्त झाली तर झालरीसारखा लाटा मारतो.

नापास मालानंतर पुढची पायरी धमकीची. करारभंगाची ‘नोटीस’ व्हॉट्सॲपवर येते, खाली वकिलाचा शिक्का, १२ किंवा १५ हजार भरा नाहीतर पोलीस. इथे बायका सगळ्यात जास्त पैसे घालवतात, घरी कळू नये म्हणून. टोप्या वेळेत न देणं हा फार तर दिवाणी वाद आहे, त्यासाठी पोलीस कुणाला पकडून नेत नाहीत. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकार कायद्यात नाहीच. पैसे भरू नका, उत्तरात माफीही लिहू नका. नोटीस, करार, जाहिरात यांचे स्क्रीनशॉट काढा आणि मगच नंबर ब्लॉक करा. आधी ब्लॉक करून चॅट उडवलं तर तक्रारीला हातात काही उरत नाही.

लोकर विकत घेतानाची फसवणूक लहान असते, पण रोजची. दुकानात मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच, आणि टोपीला ती वाईट मुळीच नाही. धुवायला सोपी, आटत नाही, लहान मुलांना टोचतही नाही. फसवणूक आहे ती तिला मेरिनोच्या, म्हणजे मेंढीच्या मऊ, महाग लोकरीच्या भावाने विकण्यात. दहा सेंटिमीटरचा धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवून पाहा. मेंढीची लोकर ज्योतीपासून आक्रसते, जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटाने चुरते. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर सोडत जळत राहतं आणि मागे टणक मणी उरतो. तो वितळलेला थेंब हाताला वाईट भाजतो, म्हणून चिमटा आणि पाणी. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास आणि मऊ करडी राख. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. तिथे प्रमाण कळत नाही, पण ‘शंभर टक्के’ हे खोटं आहे एवढं नक्की कळतं.

वजनासाठी केकचा डिजिटल काटा पुरतो. १०० ग्रॅमचा गुंडा आतल्या पुठ्ठ्यासकट १०० भरत असेल तर लोकर कमी आहे. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत आणि बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पार्सल उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा आणि त्यात काट्यावरचा आकडा येऊ द्या. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर करता येते. केकसाठी सुटं चॉकलेट ‘कूव्हर्चर’ (कोको बटरचं, महाग चॉकलेट) म्हणून घेतानाही लेबलच मागा. कोको बटरच्या जागी वनस्पती तूप किंवा पाम तेल असेल तर ते कंपाउंड, भाव तसाच द्यावा.

केकची खोटी ऑर्डर बहुधा फौजी अधिकाऱ्याच्या नावाने येते. ‘युनिटमध्ये निरोप समारंभ आहे, उद्या संध्याकाळी एक-एक किलोचे २० केक हवेत.’ घासाघीस नाही. ओळखपत्राचा फोटो लगेच पाठवला जातो. आता ओव्हनकडे पाहा. घरच्या २८-३० लिटरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) फार तर सात इंची दोन टिन मावतात. १८० अंशावर ३०-३५ मिनिटं, म्हणजे २० केकसाठी दहा घाणे, नुसतं भाजण्यातच पाच-सहा तास. स्पंज पुरता गार झाल्याशिवाय कापता येत नाही. किलोच्या केकला न फेटलेली क्रीम साधारण ३०० ते ३५० मिलिलिटर लागते, म्हणजे एकूण सहा-सात लिटर. आणि साध्या घरगुती फ्रिजमध्ये डबे मावतात चार-पाच. खरं गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं: तुम्हाला एवढं जमेल का? एगलेस आहे का, नाव काय लिहाल, डबे गाडीत कसे न्यायचे? हा माणूस यातलं काही विचारत नाही. तुम्ही ‘अंड्याचाच होईल, तोही फक्त व्हॅनिला’ म्हणा, तो हो म्हणेल. ‘निम्मेच जमतील’ म्हणा, त्यालाही हो.

त्याला घाई असते ती पैसे ‘द्यायची’. ‘आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ आधी एक रुपया पाठवायला सांगतो, कधीकधी दोन परतही येतात. मग पूर्ण रकमेचा कोड येतो. यूपीआय पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. व्यक्ती-व्यक्तींमधली पैशांची ‘मागणी’ पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआर कोडचा डाव त्याने थांबत नाही. दुसरा प्रकार जास्तीच्या रकमेचा: ५,०००च्या जागी चुकून ५०,००० गेले, उरलेले परत करा, सोबत बँकेसारखा दिसणारा एसएमएस. तो दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. बँकेचा एसएमएस अक्षरी नावाने येतो. तरीही एसएमएसवर जाऊच नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहा.

निम्मी रक्कम खात्यात दिसल्याशिवाय क्रीम फ्रीझरमधून खाली आणायची नाही, हा नियम ओळखीच्यांनाही लावा. एकदा वितळलेली क्रीम पुन्हा गोठवली तर नीट फुगत नाही. म्हणजे खात्यातून रुपयाही न जाता खोटी ऑर्डर काही हजारांचा माल वाया घालवते.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन. पैसे पुढच्या खात्यात जाऊन काढले जाण्याआधी तिथेच गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. नंतर सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार, आणि बँकेलाही लेखी. बँक सगळं भरून देईल असं मात्र धरून चालू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात गिऱ्हाइकाच्याच निष्काळजीपणाने, म्हणजे पिनसारखी माहिती दुसऱ्याला दिल्याने पैसे गेले तर कळवण्याआधीचं नुकसान गिऱ्हाइकाचं धरलं होतं. कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. सोबत लागतात: व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, क्यूआर कोडचा फोटो. टोप्यांच्या प्रकरणात किटच्या पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, आणि तुम्ही माल परत पाठवल्याची कुरिअरची वजन छापलेली पावती.