मर्क्युरी की वोस्तोक? छोट्या अवकाशकुपीतली हवा ठरवताना

दोन माणसं, तीन दिवस. एवढ्या मोहिमेसाठी कुपीचा आराखडा करायला घेतलात की केबिनच्या हवेचे दोन जुने नमुने समोर येतात: अमेरिकेची मर्क्युरी आणि सोव्हिएत वोस्तोक. दोन्ही 1961 मध्ये माणूस घेऊन उडाल्या, पण हवेच्या बाबतीत दोघींच्या वाटा अगदी वेगळ्या.

मर्क्युरीत शुद्ध ऑक्सिजन होता, सुमारे 34 किलोपास्कल दाबाचा, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबाच्या साधारण एक-तृतीयांश. वोस्तोकमध्ये नायट्रोजन आणि ऑक्सिजनची मिश्र हवा, दाब जवळपास समुद्रसपाटीइतका. एकाच वायूचा फायदा मोठा आहे. टाकी एक, नियंत्रक एक, आणि दाबमापकावर दाब दिसला की ऑक्सिजन आहेच. मिश्र हवेत ही खात्री जाते. 1960 मध्ये मर्क्युरीच्या निर्वात कक्षातल्या चाचणीत, केबिनमध्ये अजून साधी हवा असताना, ही नायट्रोजनयुक्त हवा अवकाशपोशाखाच्या ऑक्सिजन पुरवठ्यात झिरपली आणि चाचणी वैमानिक बेशुद्ध पडला. अशा वेळी नुसता दाबमापक काहीच सांगत नाही. ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला एकट्या ऑक्सिजनचा वाटा, मोजणारे किमान दोन संवेदक वेगवेगळ्या जागी लागतातच.

तरीही आमचं मत मिश्र हवेच्या बाजूने आहे. शुद्ध ऑक्सिजनचा खरा धोका अवकाशापेक्षा प्रक्षेपणतळावर जास्त असतो, कारण तिथे आतला दाब बाहेरच्या हवेहून थोडा जास्त ठेवावा लागतो. 27 जानेवारी 1967 रोजी अपोलो 1 ची केबिन सुमारे 115 किलोपास्कल शुद्ध ऑक्सिजनने भरलेली होती. तळावरच्या चाचणीत लागलेल्या आगीत अंतराळवीर ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी गेले. त्यानंतर अपोलोत तळावर 60 टक्के ऑक्सिजन आणि 40 टक्के नायट्रोजन ठेवू लागले.

कार्बन डायऑक्साइडसाठी मर्क्युरीत लिथियम हायड्रॉक्साइडचा डबा होता, वोस्तोकमध्ये पोटॅशियम सुपरऑक्साइड. माणशी रोज सुमारे 1 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि 0.84 किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे आपल्या मोहिमेत अनुक्रमे 6 आणि 5 किलो. लिथियम हायड्रॉक्साइड रासायनिक हिशोबाने 6.5 किलो, सगळे दाणे कामी येत नाहीत म्हणून 8 ते 9 किलो धरा. ऑक्सिजनची टाकी वेगळी. सुपरऑक्साइड कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि ऑक्सिजनही देतं: 5 किलो ऑक्सिजनसाठी सुमारे 15 किलो. पण प्रक्रिया पोटॅशियम कार्बोनेटपर्यंतच झाली (बायकार्बोनेटपर्यंत गेली नाही) तर तेवढ्यात 4.6 किलोच कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. उरलेल्यासाठी सुपरऑक्साइड वाढवलं, तर ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त सुटून आगीचा धोका परत येतो. म्हणून सोबत लिथियम हायड्रॉक्साइडचा छोटा डबा ठेवावा. ओलावा जास्त झाला की सुपरऑक्साइडची प्रक्रिया वेग घेते, हेही ध्यानात असू द्या. तीन दिवसांसाठी आम्ही टाकी आणि लिथियम हायड्रॉक्साइडच निवडू, कारण ऑक्सिजन आणि शोषण दोन्ही स्वतंत्रपणे हाताळता येतात.

पंख्यावर मात्र घासाघीस नको. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर चढत नाही, त्यामुळे उच्छ्वास चेहऱ्याभोवतीच साचतो. पुढे अंतराळस्थानकासाठी हवेचा वेग सेकंदाला 0.08 ते 0.2 मीटर ठरला, तोच धरून चला. 34 किलोपास्कल ऑक्सिजनची घनता नेहमीच्या हवेच्या एक-तृतीयांशाहून थोडीच जास्त, म्हणजे तेवढीच उष्णता वाहून न्यायला जवळपास तिप्पट हवा फिरवावी लागते. मर्क्युरीत पोशाखाची हवा थंड करायला पाण्याचा बाष्पक होता: पाणी निर्वातात उकळून उष्णता घेऊन जाई. पाणी जास्त सोडलं की वाफेच्या मुखाशी बर्फ धरून मार्ग तुंबे. 3 ऑक्टोबर 1962 च्या मर्क्युरी उड्डाणात अंतराळवीर शिरा यांचा पोशाख तापू लागला, तेव्हा त्यांनी पाण्याचा खटका एकदम न फिरवता थोडा-थोडा, मध्ये थांबत पुढे नेला आणि तापमान आटोक्यात आणलं. तुमच्या बाष्पकाच्या मुखाशी तापमान संवेदक हवा, म्हणजे गोठणं आधी कळेल.

शेवटी, कुपी उतरताना बाहेरची हवा आत घेणारी झडप. 30 जून 1971 ला सोयुझ 11 चे भाग वेगळे होताना अशीच झडप सुमारे 168 किलोमीटर उंचीवर उघडली आणि तिघेही अंतराळवीर दगावले. पोशाख नव्हते, आणि झडप हाताने बंद करायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांच्याकडे उरला नव्हता. उलट 24 जुलै 1975 ला अपोलो उतरताना झडप ठरल्याप्रमाणे उघडली, पण दिशानियंत्रणाचे थ्रस्टर (छोटी रॉकेट इंजिनं) तोवर बंद केलेले नव्हते. त्या थ्रस्टरांच्या इंधनातला विषारी नायट्रोजन टेट्रॉक्साइड आत शिरला. म्हणून दोन झडपा एकामागोमाग बसवा, हाताने बंद करायचा दट्ट्या पट्टे बांधलेल्या माणसाच्या हाताशी ठेवा, आणि थ्रस्टरचा वीजपुरवठा तुटल्याशिवाय झडप उघडणारच नाही अशी जोडणी करा.