विंडोज अकरावरून परत दहावर, डेटा शाबूत, गोलाणीतल्या दुकानाचा अनुभव

पाचोऱ्याजवळ आमचं कृषी केंद्र आहे. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर अपडेटचं बटण दाबून मोकळा झाला, विंडोज दहाचं अकरा झालं. बघायला भारी, पण आमचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बंदच, आणि बिलिंगवाल्याला फोन केला तर त्याने रिमोट घेऊन बिलिंगचंही नवीन व्हर्जन टाकून दिलं, तरी बिल काही निघेना. कपाशीच्या बियाण्याचा सीझन तोंडावर आणि मी हाताने पावत्या फाडतोय.

गावातल्या एकाने सांगितलं फॉरमॅट मारू, पाचशे रुपये. अरे पण उधारीचा सगळा हिशोब त्यात आहे ना भाऊ! मग सीपीयू गाडीवर बांधला आणि जळगावला गोलाणी मार्केट गाठलं.

तिथल्या पोराने "काय व्हयनं भाऊ" विचारून पहिला प्रश्न केला, अपडेट करून किती दिवस झाले. म्हटलं आठ. तो म्हणे नशीब, दहा दिवस विंडोजचा जुना फोल्डर सी ड्राइव्हवर पडून असतो, तोवर सेटिंगच्या रिकव्हरीत जाऊन मागे जाता येतं, नंतर तो आपोआप उडतो. आपले फोटो-फाइली राहतात, पण अकरावर गेल्यावर टाकलेले प्रोग्राम जातात. तरी त्याने लगेच बटण दाबलं नाही. आधी बिलिंगचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला आणि त्यातलं एक बिल माझ्यासमोर उघडून दाखवलं. तिथेच मला माणूस पटला.

विंडोज तासाभरात मागे आलं. खरी गोम बिलिंगमध्ये होती. नवीन व्हर्जनने डेटाची रचनाच बदललेली, जुनं व्हर्जन ती फाइल उघडायलाच तयार नाही. मग अपडेटच्या आदल्या रात्रीचा पेन ड्राइव्हवरचा बॅकअप जुन्यात चढवला, मधल्या आठ दिवसांच्या एंट्र्या त्याच्याकडच्या दुसऱ्या मशीनवर नवीन व्हर्जनमधून एक्सेलमध्ये काढल्या आणि ती ६३ बिलं आम्ही दोघांनी बसून हाताने भरली, तो वाचतोय मी टाइप करतोय, मध्ये दोन चहा. शेवटी उधारीची बेरीज जुळवली तेव्हा कुठे जीवात जीव आला. बॅकअप मी रोज घेतो म्हणून वाचलो, नाहीतर पोरगा तरी काय करणार होता.

दोन तास म्हणाला आणि संध्याकाळचे सात वाजवले, ४५ डिग्रीत त्या गाळ्यात एकच पंखा. नऊशे रुपये घेतले, महाग नाही वाटले. दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, तेव्हा या मशीनवर नेट कमी वापरा आणि बँकेचं काम तर करूच नका, हेही त्याने न विचारता सांगितलं.

एक स्टार कापतोय, कारण पक्कं बिल मागितलं तर "व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो" म्हणाला, ते अजून आलेलं नाही.