कोपराच्या सुजेसाठी घेतलेलं जेल पॅड: वापरून बनलेलं मत

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. हळदीचे सौदे सुरू झाले की हिशेबाच्या पट्ट्या लिहिताना डावा कोपर दिवसभर टेबलाच्या कडेवर. यंदा त्याच कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ सूज आली. हात हलवताना काही नाही, टेकवला की कळ.

हाडाच्या डॉक्टरांनी 'ओलेक्रेनन बर्सायटिस' सांगितलं. कातडी आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पिशवी असते, सतत दाब पडला की तिच्यात पाणी धरतं. ताप आहे का, खरचटलंय का, सूज गरम लागते का हे त्यांनी नीट पाहिलं, युरिक ॲसिडही तपासायला लावलं. जंतुसंसर्ग किंवा गाऊट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) असेल तर उपचार वेगळा. माझं तसं काही नव्हतं, म्हणून सुई टोचून पाणी काढायची गरज नाही म्हणाले. कोपर टेकायचा नाही, कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं बर्फ, थोड्या गोळ्या आणि हे पॅड. यार्डात ज्यानं त्यानं हळदीचा लेप सुचवला होता. डॉक्टर म्हणाले, लेप लावा न लावा, चोळू मात्र नका.

सर्जिकलच्या दुकानात नुसतं 'एल्बोचा पट्टा' म्हणालात तर टेनिस एल्बोचा पट्टा हातात देतात. तो कोपराच्या खाली बांधायचा असतो, टोकाला त्यात काहीच नसतं. आपल्याला हवं ते मोज्यासारखं हातात चढवायचं, मागे जेलची गादी शिवलेलं. मला 450 रुपयांना पडलं. गादी बरोबर टोकावर बसते, चुकून हात टेकला तरी कळ येत नाही. पाडव्यापर्यंत सूज बरीच उतरली, आता बोटानं दाबलं तरच थोडं जाड लागतं. पण यातलं निम्मं काम कोपर न टेकण्यानं केलंय, नुसत्या पॅडवर विसंबू नका.

उणीव म्हणजे दुपारी आत घाम साचतो आणि शिवणीचा वळ उठतो. माप दुकानातच टेपनं घ्या. कोपराच्या आतल्या बाजूनं नस जाते, पॅड घट्ट झालं की करंगळीला मुंग्या येतात. मी एक नंबर मोठं बदलून घेतलं. रात्री काढूनच झोपा.

सूज लाल झाली, गरम लागली किंवा ताप आला तर मात्र पॅड घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.