पाटी कुणाच्या नावाची? स्वतःच्या की स्टुडिओच्या?

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला पोचेपर्यंत वर्गातल्या निम्म्या मुलांचा 'स्टुडिओ' निघालेला असतो. लोगो तयार, लेटरहेड तयार, इन्स्टाग्रामवर पान तयार. काम मात्र मावसभावाच्या लग्नाची पत्रिका. उरलेली निम्मी मुलं आपल्याच नावानं काम टाकत असतात आणि स्टुडिओवाल्यांकडे बघून आपण मागे पडतोय की काय, असं त्यांना वाटत राहतं. मी दोन्ही पाट्यांखाली काम केलंय. शिकत असताना स्टुडिओच्या नावानं, नंतर स्वतःच्या. त्यामुळे कुणी विचारलं की मला सरळ एका शब्दात उत्तर देता येत नाही, पण माझा कल कुठे आहे ते पुढे लक्षात येईलच.

आधी स्टुडिओच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू खरंच भक्कम आहे. 'मी लोगोचे आठ हजार घेतो' हे वाक्य विशीतल्या पोराच्या तोंडून सहज बाहेर पडत नाही. 'आमच्याकडे लोगो आठ हजारांपासून सुरू होतो' हे पडतं. 'आमच्याकडे' म्हटलं की मागं कुणीतरी उभं आहे असं स्वतःलाच वाटायला लागतं. मामालाही भाच्याकडून पत्रिका फुकट हवी असते. स्टुडिओकडे तो निदान 'किती घेता?' असं विचारतो तरी. आणि कुणी कामाला नावं ठेवली तर ती स्टुडिओला ठेवलेली असतात, आपल्याला नाही. नवख्या माणसाला एवढा आडोसा मिळाला तर बिघडलं कुठे?

आडोशाचा खर्च मात्र वेळात मोजावा लागतो. नाव शोधण्यातच महिना जातो. सुचलेलं प्रत्येक नाव कुणीतरी आधीच घेतलेलं असतं. रंग, रेषा, शाई, कागद, पिक्सेल या शब्दांभोवती फिरणारी नावं तर विचारूच नका. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं, तिथं एकदा जाऊन या, डोळे उघडतात. नोंदणीच करायची तर ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे ठरलेले वर्ग असतात, त्यात ग्राफिक डिझाइनची सेवा 42 व्या वर्गात येते आणि एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. विद्यार्थ्याला हा पैसा कागदाच्या नमुन्यांवर किंवा एखाद्या चांगल्या फॉन्टच्या परवान्यावर घालवणं जास्त शहाणपणाचं, असं आपलं माझं मत. शिवाय स्वतःच्या स्टुडिओचा लोगो कधीच पुरा होत नाही. गिऱ्हाइकाचा लोगो तारखेला द्यावा लागतो, आपल्याला तारीख देणारं कुणी नसतं.

स्वतःच्या नावाच्याही अडचणी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. मराठी नावं रोमन लिपीत कशी लिहायची हा पहिला घोळ. ज्ञानेश्वरनं 'डीएनवाय'नं सुरुवात करायची की 'जीवाय'नं? वाघमारेला डब्ल्यू की व्ही? ऐकून शोधणारा माणूस भलतंच टाइप करतो आणि भलत्याच माणसाच्या पानावर जाऊन पोचतो. तुम्ही सचिन पाटील किंवा स्नेहा जाधव असाल तर स्पेलिंग बरोबर असूनही तेच होणार. मुलींना आणखी एक प्रश्न लोक विचारतात, कधी कधी तर तोंडावर: लग्नानंतर आडनाव बदललं तर? माझ्या ओळखीच्या एका मुलीनं यावर साधा तोडगा काढला. तिनं आडनाव सोडून दिलं आणि स्वतःचं नाव आणि आईचं नाव एवढंच ठेवलं. ते देवनागरीत इतकं सुरेख काढलंय की रोमन स्पेलिंगचा प्रश्न सहसा येतच नाही. लोक पानावरची अक्षरं ओळखतात.

इथवर पारडं सारखंच होतं, कदाचित स्टुडिओकडे थोडं झुकलेलंही. माझ्यापुरतं ते फिरलं एका अगदी रुक्ष गोष्टीवरून. पैसे येण्यावरून.

सांगलीकडच्या एका मसालेवाल्यांचं काम होतं. कांदा-लसूण मसाल्याची पिशवी, मागच्या बाजूचा मजकूर, दुकानात लावायचा छोटा फलक. काम आवडलं, छपाईला गेलं, पिशव्या बाजारातही आल्या. बिल मी स्टुडिओच्या नावानं पाठवलेलं. वर तो लोगो, खाली क्यूआर. मग हिशेब बघणाऱ्या काकांचा फोन.

"अहो, बिलावर एक नाव आहे अन् क्यूआर मारला की दुसरंच दिसतंय. मी टाकू कुणाला?"

"दोन्ही मीच आहे काका."

"तुम्ही असाल हो. पण माझ्या वहीत काय लिहू? ऑडिटवाला मला विचारणार. स्टुडिओच्या नावाचं खातं द्या, लगेच टाकतो."

काकांचं काही चुकत नव्हतं. यूपीआयनं पैसे पाठवताना समोर खातेदाराचं बँकेतलं नाव येतं आणि बिल दुसऱ्याच नावाचं असलं तर कुठलाही हिशेबनीस थांबणारच. पुढे हे पुन्हा पुन्हा होत राहिलं. एका क्लासवाल्या सरांनी तर मला विचारलं, "तुमचे मालक कुठे असतात?" मालक त्यांच्यासमोरच उभा होता, खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन.

आता म्हणाल, मग स्टुडिओच्या नावानं खातं उघडायचं. उघडता येतं. एकट्याच्या धंद्याचं चालू खातं उघडायला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्या धंद्याच्या नावाचे साधारण दोन पुरावे लागतात. बँकेची खात्री पटली तर एकावरही भागू शकतं, पण ते त्यांच्या मर्जीवर. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सोपी आहे. 1 जुलै 2020 पासून ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर ती बंद करून टाका. दुसरा पुरावा म्हणजे शॉप ॲक्टचा, दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्याचा, कागद. महाराष्ट्रात 2017 च्या कायद्यानं कामगार थोडे असले तर नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते, तीही ऑनलाइन. कागदावर सगळं सरळ दिसतं. अडतं ते पत्त्यावर. होस्टेलचा पत्ता चालत नाही, भाड्याच्या खोलीचा द्यायचा तर घरमालक म्हणतात, "धंद्याबिंद्याला माझा पत्ता नको." गावाकडचा पत्ता दिला तर बँक म्हणते, खातं तिकडच्याच शाखेत उघडा. शिवाय बहुतेक चालू खात्यांत ठरावीक शिल्लक ठेवावी लागते आणि ती मोडली की दंड. महिन्याला दोन पत्रिका आणि एक लोगो करणाऱ्या पोरानं हा डोलारा सांभाळायचा तो कशासाठी?

स्वतःच्या नावानं बिल पाठवायला लागलो आणि हे सगळं संपलं. बिलावरचं नाव, पॅनवरचं नाव, खात्यावरचं नाव एकच. एकट्याच्या धंद्याला वेगळं पॅन नसतंच, तेव्हा तसंही सगळं शेवटी माझ्याच नावावर येऊन पडत होतं. काकांनी पुढच्या कामाचे पैसे त्याच दिवशी टाकले. आत्मविश्वास म्हणतात तो मला स्वतःशी गप्पा मारून आला नाही. पैसे वेळेवर यायला लागले, तेव्हा आला.

दर सांगण्याची भीती राहिली होती. तिच्यावर उपाय म्हणून मी एका पानाचं दरपत्रक केलं. काय मिळेल, किती दुरुस्त्या, छपाईच्या फायली कुठल्या, निम्मे पैसे आगाऊ. आकडा तोंडानं सांगत नाही, पान पाठवतो. 'आमच्याकडे' या शब्दाचं काम ते पान करतं आणि त्यात खोटं काही नसतं. समोरचा घासाघीस करतो, पण आकड्यावर करतो, माझ्यावर नाही.

जुन्या माणसांकडे पाहिलं तर दोन्ही वाटा दिसतात. अमेरिकेतले ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर यांनी 1954 मध्ये मित्रांबरोबर न्यूयॉर्कला पुश पिन स्टुडिओ काढला आणि 1974 मध्ये स्वतःच्या नावाची संस्था. 'आय लव्ह न्यूयॉर्क' ही त्यांची हृदयाच्या चिन्हाची प्रसिद्ध खूण त्यानंतरची. न्यूयॉर्कमधलेच डिझायनर स्टेफान सागमाइस्टर यांनी उलटं केलं. 1993 मध्ये स्वतःचं आडनाव लावून सुरुवात केली, 2012 मध्ये जेसिका वॉल्श भागीदार झाल्यावर पाटी बदलून 'सागमाइस्टर अँड वॉल्श' करावी लागली, आणि 2019 मध्ये वॉल्श वेगळ्या झाल्या तेव्हा त्यांनी आपल्या एजन्सीच्या नावात आडनावाआधीचं ते 'अँड'चं चिन्ह तसंच ठेवलं. म्हणजे आडनावाची पाटी माणसं वाढली की पुन्हा रंगवावी लागते, हा मुद्दा स्टुडिओवाल्यांच्या खात्यात जमा करायला हवा.

आपल्याकडे चित्रकार दीनानाथ दलालांनी दोन्ही साधलं. 'दलाल आर्ट स्टुडिओ', आणि चित्रावर देवनागरीत सही 'दलाल'. 1945 पासून 'दीपावली' अंकाची मुखपृष्ठं पाहणाऱ्याला सही वाचायचीही गरज पडत नसे. अक्षरकार कमल शेडग्यांच्या बाबतीत तर स्टुडिओ कुठला, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. नाटकाच्या जाहिरातीतली अक्षरं पाहून लोक नाव घ्यायचे. मराठी पुस्तकाच्या श्रेयनामावलीच्या पानावर 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे आजही बहुधा माणसाचंच नाव छापलं जातं. प्रकाशनाच्या कामाकडे ओढा असेल तर हे ध्यानात ठेवा, ते पान वर्षानुवर्षं कपाटात राहतं.

नोकरीच्या मुलाखतीचं थोडक्यात सांगतो. स्टुडिओच्या नावाचा पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचा संग्रह, उघडला की पहिला प्रश्न येतो, "यातलं तुम्ही काय केलंय?" आणि मग प्रत्येक कामाआधी खुलासा. एका एजन्सीत तर मला विचारलं गेलं की स्वतःचा स्टुडिओ असताना नोकरी कशाला हवी. उत्तर तयार नव्हतं. स्वतःच्या नावाच्या पोर्टफोलिओला हा प्रश्न येत नाही. मात्र त्यात दुसऱ्याचा हात लागला असेल तर तोही स्पष्ट लिहावा लागतो: फोटो अमक्याचे, अक्षरं तमक्याची.

तरी मधली वाट मला बरी वाटते, दलालांसारखी. आडनाव आणि पुढे नुसतं 'डिझाइन'. पाटीला वजन येतं, आणि क्यूआर मारल्यावर आडनाव जुळलं की निदान छोट्या गिऱ्हाइकाचा हिशेबनीस कुरकुर करत नाही. मोठी कंपनी करेल, पण मोठी कंपनी तुम्हाला विक्रेता म्हणून नोंदवताना सगळे कागद मागणारच आहे, नाव काहीही असो.

तुम्ही दोघं-तिघं मिळून काम करणार असाल तर मात्र माझं बोलणं बाजूला ठेवा आणि खुशाल स्टुडिओचं नाव घ्या. एकाच्या नावाखाली तिघांनी राबणं फार दिवस चालत नाही. फक्त लोगो काढायला बसण्याआधी भागीदारीचा करार करा, फर्मचं वेगळं पॅन काढा, म्हणजे खातं पहिल्यापासून फर्मच्या नावाचं होईल. आणि मूळ फायली कुणाच्या ड्राइव्हवर राहतील तेही त्याच करारात लिहून घ्या. कोर्स संपल्यावर एक जण बंगळुरूला नोकरीला जातो आणि गिऱ्हाइकाला पिशवीवरची फक्त किंमत बदलून हवी असते.