टेली मानस १४४१६ : घरात मृत्यू झाल्यावर हा फोन कुठे कामाला येतो आणि कुठे कमी पडतो

अचानक मृत्यू झालेल्या घराला ठाण्यात किंवा नवी मुंबईत मानसिक आधार हवा असेल, तर खिशाला तोशीस न लावता लगेच मिळणारी सोय म्हणजे केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मध्यवर्ती संस्था आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीसह वीस भाषांत. देशभरातून वीस लाखांहून जास्त फोन तिथे आले आहेत. तरीही लोकलमधून पडून, रस्त्यावर, हार्ट अटॅकने किंवा आत्महत्येने माणूस गेलेल्या घरांपर्यंत हा नंबर फारसा पोचत नाही. पोचलाच तर पहिल्या दिवशी पोचतो, जेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं आणि बोलायची कोणाची मनःस्थिती नसते. सेवा चांगली आहे. ती कधी वापरायची आणि कशी, हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतात. फोन लागला की भाषा निवडायची. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक असतो. तो ऐकतो, धोका किती आहे ते जोखतो, तातडीचे उपाय सांगतो. त्याला गरज वाटली तर फोन दुसऱ्या पायरीवर जातो : मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता किंवा मानसोपचारतज्ज्ञ. प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे पाठवतात. पलीकडचा माणूस ठाण्यातलाच असेल असं नाही. म्हणून ‘आम्ही दिव्याला राहतो’ एवढ्यावर थांबू नका. जिल्हा ठाणे, स्टेशन कोणतं, जवळचं सरकारी हॉस्पिटल कोणतं, रात्री निघायला वाहन आहे का, हे सांगा. नाहीतर पत्ता मिळतो आणि तो दोन गाड्या बदलून जायच्या ठिकाणचा निघतो.

फोन कुठून करायचा हा प्रश्न वन-रूम-किचनमध्ये खरा प्रश्न असतो. सासू-सासरे, दीर, मुलं समोर असताना विधवा बाई काय बोलणार? मग ‘जरा गच्चीवर जाऊन बोल’ असं घरचे सुचवतात. हे करू नका. मरणाचे विचार येत असतील अशा माणसाला गच्ची, गॅलरीचा कठडा, रेल्वेचा प्लॅटफॉर्म, खाडीचा पूल अशा ठिकाणी फोन घेऊन एकटं पाठवायचं नाही. शेजारच्या विश्वासू घरातली आतली खोली, सोसायटीचं ऑफिस, समाजमंदिर किंवा बंद असताना बालवाडीची खोली मागून घ्या. सोबतचा माणूस दाराबाहेर बसेल. इअरफोन लावा, फोन पूर्ण चार्ज करा, अर्धा-पाऊण तास मोकळा ठेवा. समुपदेशकाने पुन्हा फोन करायचं ठरलं तर तो अनोळखी नंबरवरून येऊ शकतो, म्हणून अनोळखी नंबर अडवणारी सेटिंग तेवढ्या दिवसांपुरती बंद करा. ठरलेला फोन न लागण्याचं हे अगदी साधं कारण असतं.

बोलण्याआधी एका कागदावर पाच-सहा ओळी लिहा. कोण गेलं, कधी, कसं. मृतदेह कोणी ओळखला. हे महत्त्वाचं, कारण शवागारात ओळख पटवणाऱ्या भावाच्या किंवा मुलाच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य हटत नाही आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. झोप किती तास, जेवण किती, दारू सुरू झाली किंवा वाढली का. आधीपासून कोणती औषधं चालू आहेत : बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्स. पूर्वी कधी मानसोपचार घेतले होते का. घरात आत्ता कोण कोण आहे. पहिलं वाक्यही लिहून ठेवा, कारण ते सुचत नाही : ‘माझे यजमान तीन आठवड्यांपूर्वी अपघातात गेले, मला झोप येत नाही आणि जगावंसं वाटत नाही.’ एवढ्याने पुढचं संभाषण योग्य रुळावर येतं. नुसतं ‘टेन्शन आहे’ म्हटलं तर श्वासाचे व्यायाम आणि थोडा धीर एवढ्यावरच फोन आटोपू शकतो.

आत्महत्येचा प्रश्न सरळ विचारला जाईल. विचार येतात का, कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. घरच्यांना हे ऐकून धक्का बसतो, काही जण रागावून फोन ठेवतात. असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार शिरत नाही. उलट आत दाबलेलं बाहेर येतं. फोन झाल्यावर घरातल्या सगळ्या उरलेल्या गोळ्या, कीटकनाशकं आणि साफसफाईची द्रव्यं कुलपात किंवा दुसऱ्या घरी ठेवा. त्या माणसाला काही दिवस रात्री एकटं झोपू देऊ नका. पाऊल उचललंच जातंय असं दिसलं तर १४४१६ नाही, ११२ लावायचा किंवा थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यायचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतात आणि सहसा तिच्यावर खटला चालवत नाहीत. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने पेशंटला घरीच ठेवण्यात जीव जातो.

समुपदेशक चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? जो घाईघाईने सगळा प्रसंग पहिल्यापासून तपशीलवार वदवून घेतो, त्याच्यापासून सावध राहा. अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं पुन्हा जगायला लावल्याने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत सांगितली ती अशी : परिस्थिती पाहा, ऐका, आणि पुढच्या मदतीशी जोडून द्या. रडू देणारा, गप्प बसू देणारा, आणि ‘आज रात्री तुमच्यासोबत कोण झोपणार आहे?’ असं विचारणारा माणूस मिळाला तर तो आपलं काम जाणतो.

आता वेळेबद्दल. तेराव्यापर्यंत घर विधी, पाहुणे आणि स्वयंपाकात गुंतलेलं असतं. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनापर्यंत तसंच. पाहुणे गेले, मुलं शाळेत गेली, घरातला मोठा मुलगा कामावर रुजू झाला, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खरी पोकळी जाणवते. पहिला फोन तेव्हा ठरवून करावा असं माझं ठाम मत आहे, कोणी कोलमडायची वाट न पाहता. मुंब्रा, कौसा, राबोडीच्या मुस्लिम घरांत इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावरचा एकांताचा काळ, पाळणारी बाई चार महिने दहा दिवस शक्यतो घराबाहेर पडत नाही. तिला ओपीडीत बोलावणं व्यवहारात बसत नाही, तिच्यासाठी फोन हाच मार्ग. भाषा निवडताना तिला उर्दू किंवा हिंदी हवी का ते विचारा. तिच्या वतीने मराठी निवडून तिला गप्प करू नका.

दुःख म्हणजे आजार नाही. लाटेसारखं येणं-जाणं, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकल्यासारखं वाटणं, त्याचा शर्ट उशाशी घेऊन झोपणं, हे सगळं त्यात येतं. पण अपघातातून वाचलेल्या किंवा तो पाहिलेल्या माणसाला महिना उलटूनही तेच दृश्य दिसत असेल, हॉर्न ऐकून दचकायला होत असेल, तो लोकलमध्ये पायच ठेवत नसेल, तर आघातोत्तर ताण विकाराची (पीटीएसडी) तपासणी हवी. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा बोलण्याचा उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) हे त्यावरचे खात्रीचे उपचार, आणि ते फोनवरच्या एखाद-दुसऱ्या बोलण्यात होत नाहीत. शोकाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, दीर्घकालीन शोकविकार हे वेगळं निदान आहे. किमान सहा महिने लोटूनही तीव्र ओढ किंवा त्याच विचारात अडकणं रोजचं जगणं बंद पाडत असेल, आणि ते आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा कितीतरी जास्त असेल, तर ते लागू होतं. अमेरिकन वर्गीकरण मोठ्यांसाठी बारा महिने धरतं. दुसऱ्या महिन्यातच कोणी हा शिक्का मारत असेल तर तो मानू नका.

सेवेची मोठी उणीव तिच्या रचनेतच आहे. पाळीवर जो असेल तो फोन घेतो, तोच माणूस दर वेळी मिळेल याची खात्री नाही. शोकात तीच गोष्ट चौथ्या अनोळखी माणसाला पहिल्यापासून सांगणं फार जड जातं. म्हणून प्रत्येक फोननंतर तारीख, वेळ, काय ठरलं, पुढचा फोन कधी, हे त्याच कागदाच्या मागे लिहा आणि पुढच्या वेळी तेवढंच वाचून दाखवा. पाच-सहा आठवडे त्याच माणसाशी बोलायचं असेल तर प्रत्यक्ष समुपदेशनच घ्यावं लागेल.

दुसरी उणीव कागदपत्रांची. ज्या घरात कमावता माणूस गेला, तिथली अर्धी धास्ती पैशांची असते आणि मनाच्या फोनवर तिचं उत्तर मिळत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. लोकलमधून पडून मृत्यू झाला असेल तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्जाची मुदत एक वर्ष, भरपाई आठ लाख रुपये. रेल्वे पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, पास किंवा तिकीट जपून ठेवा. तिकीट सापडलं नाही म्हणून अर्जच न करणं चूक आहे; तेवढ्या एका कारणाने दावा आपोआप फेटाळला जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. घरात दोन याद्या करा, एक मनाची आणि एक कागदांची, आणि दुसरी यादी सर्वांत जास्त दुःखी माणसाच्या हातात देऊ नका. ती चुलत भावाने किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीने सांभाळावी.

पुढची पायरी ठाण्यातच आहे. वागळे इस्टेटच्या बाजूचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. राज्यात अशी चारच : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. ‘याला ठाण्याला न्यायला पाहिजे’ ही थट्टा ऐकत वाढलेल्या माणसांना त्या गेटातून आत जाणं अवघड वाटतं, हे खरं आहे. पण ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. बहुतेक लोक तपासून, औषध घेऊन दुपारी घरी येतात. स्वतःहून भरती झालेल्या सज्ञान माणसाला घरी जायचं असेल तर सोडावं लागतं. धोका वाटला तर फेरतपासणीसाठी फक्त २४ तास थांबवता येतं. सकाळी लवकर पोचा, आधार कार्ड, जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटं न्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. नवी मुंबईकरांना ठाणे लांब पडतं. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत, तिथे मानसोपचार विभाग असतोच. बोलण्याचा उपचार हवा असेल तर ठाण्यातली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये उभी केलेली संस्था आहे. खासगी ठिकाणी फी, एका बैठकीचा वेळ आणि तोच समुपदेशक मिळेल का, या तीन गोष्टी आधीच विचारून घ्या.

झोपेच्या गोळीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे नुकसान शांतपणे होतं. ‘रात्रभर जागी असते’ म्हणून कोणीतरी अल्प्राझोलाम, म्हणजे बेंझोडायझेपाइन गटातली झोप आणणारी गोळी, आणून देतं, कधी शेजारच्याच पाकिटातलं. निव्वळ शोकाच्या लक्षणांसाठी या गटातली औषधं देऊ नयेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. काही आठवड्यांत सवय लागते, दारूसोबत श्वास मंदावतो, म्हातारी माणसं रात्री पडतात. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडायचीही नाही. डॉक्टर हळूहळू डोस कमी करतात. १४४१६ वर अशा गोळीची चिठ्ठी मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. नैराश्याची गोळी वेगळी : तिचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडली की उपचार तिथेच थांबतो.

लहान मुलांसाठी फोन मोठ्या माणसाने करायचा आणि कसं बोलायचं ते विचारून घ्यायचं. ‘बाबा झोपलेत’, ‘गावाला गेलेत’ असं सांगितलेलं मूल झोपायला घाबरतं किंवा दाराशी वाट बघत बसतं. ‘बाबांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही’ असं सरळ सांगा आणि तेच पुन्हा पुन्हा विचारलं तर तेच उत्तर द्या. वर्गशिक्षिकेला दुसऱ्याच दिवशी कळवा.

विस्थापितांच्या बाबतीत मी या सेवेला कमी गुण देईन. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे-पारगाव पट्ट्यातून उठलेली गावं असोत किंवा १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेल्या रायगडमधल्या इर्शाळवाडीतून वाचलेली माणसं, त्यांचं दुःख एका व्यक्तीपुरतं नसतं. देऊळ, शेजार, मासेमारीची जागा, स्मशान, सगळं एकदम तुटतं. अशा वस्तीत एकेकाच्या कानाला फोन लावून फार काही साधत नाही. जुन्या शेजाऱ्यांना नव्या वसाहतीत जवळजवळ घरं देणं, सण आणि वर्षश्राद्ध एकत्र करायला जागा देणं, आणि महिन्याला ठरलेल्या वारी एकाच समुपदेशकाने वस्तीत येणं, याचा उपयोग जास्त होतो. ग्रामपंचायतीने किंवा वॉर्ड ऑफिसमार्फत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे शिबिराची लेखी मागणी करावी. पत्रात घरांची संख्या, लहान मुलं किती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची संख्या आणि बसायला कोणती खोली मिळेल हे लिहावं. पूर, दरड किंवा औद्योगिक दुर्घटनेत सापडलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे वकीलही मोफत मिळतो, त्यामुळे त्याच पत्राची एक प्रत ठाण्याच्या किंवा अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी आणि पोचपावती घ्यावी.