म्युझियममधली व्याख्यानं: कुठली ऐकावीत, कुठली सोडून द्यावीत

सरळच सांगते, पोस्टरवर ‘आपला समृद्ध वारसा’ असलं गोलगोल नाव दिसलं की मी ते व्याख्यान सोडून देते. दीड तास स्लाइडी, शेवटी पुष्पगुच्छ, आभारप्रदर्शन, आणि घरी जाताना डोक्यात शून्य. पण विषय एखादी वस्तू, एखादा प्राणी किंवा एखादी अडचण असेल, म्हणजे कसर लागलेलं लुगडं, पेंढा भरलेला वाघ, बुरशी आलेली पोथी वगैरे, तर डोळे झाकून जायचं. गेली काही वर्षं मुंबईतल्या म्युझियममध्ये अशी बरीच ऐकलीत, त्यावरून लिहितेय.

मुख्य अड्डा अर्थातच काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आमच्या घरातले मोठे अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. १९२२ साली लोकांसाठी उघडलं, जॉर्ज विटेटची इमारत, गेटवेवाला तोच. व्याख्यानाला जाताना पंधरा मिनिटं आधी पोचा आणि मधल्या हॉलमध्ये घुमटाखाली उभं राहून वर बघा, तिथलं जे लाकडी काम आहे, खांब, कमानी, सज्जा, ते नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन इथे बसवलंय. मी कितीतरी वर्षं त्याच्याखालून ये-जा केली असेल, सांगितल्यावर पहिल्यांदा नीट मान वर केली.

माझ्या मते सगळ्यात भारी व्याख्यानं कन्झर्वेशनवाल्यांची, म्हणजे जुन्या वस्तू दुरुस्त करून टिकवणाऱ्यांची. इतिहासवाले लोक राजे आणि सनावळ्या सांगतात, हे लोक सांगतात की वस्तू मरते कशी. एका काकांनी विचारलं की लघुचित्रांच्या दालनात एवढा अंधार का, लाइटबिल वाचवता का. तर म्हणे कागदावरची चित्रं आणि जुनं कापड यांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड देत नाहीत, आपल्या घरच्या ट्यूबलाइटखाली त्याच्या काही पट असतो. आणि उजेडाने रंग उडाला की उडाला, चित्र नंतर वर्षभर अंधारात ठेवलंत तरी परत येत नाही, नुकसान साठत जातं. म्हणून काही चित्रं मधूनमधून उतरवून स्टोअरमध्ये ठेवतात आणि आपण ‘अरे मागच्या वेळी होतं ते कुठे गेलं’ म्हणून वैतागतो. काका म्हणाले मग अर्ध्या उजेडाला तिकीटही अर्धं करा, हॉल हसला, पण पॉइंट पोचला.

घरी उपयोगी पडणारं ज्ञान पण इथेच मिळतं. फाटलेल्या जुन्या कागदाला सेलोटेप हा सगळ्यात मोठा शत्रू, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग काढता येत नाही. ते लोक जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण नियमच असा की आज केलेली दुरुस्ती उद्या कुणाला सोडवता आली पाहिजे. लॅमिनेशनचं नाव काढलं तर व्याख्यान देणाऱ्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जुनी जरीची साडी हँगरला लटकवू नका, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळी घडी घाला, नाहीतर जरीची तार त्याच त्या घडीवर तुटत जाते. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली हे मला माहितीच आहे, तू ऐकलं नाहीस कधी. असो.

निसर्गाच्या व्याख्यानांचं मात्र थोडं वेगळं आहे. इथल्या प्राणी-पक्ष्यांच्या विभागात गवा, वाघ, धनेश, फ्लेमिंगो असे देखावे आहेत, मागे रंगवलेलं जंगल वगैरे. लहानपणी सहलीला आलो तेव्हा ते जरा भीतीदायक वाटायचं. जुन्या काळी पेंढा भरताना कातड्याला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण चोळायचे, त्यामुळे असल्या जुन्या नमुन्यांना आजही हातमोजे घालूनच हात लावतात, हे कळल्यावर काचेचं महत्त्व पटलं. फ्लेमिंगोचा देखावा बघून मग ठाण्याच्या खाडीचं ऐकायचं (२०१५ ला अभयारण्य, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आणि मग सीझनला शिवडीला जाऊन खरे बघायचे, असा क्रम लावलात तर मजा येते.

आणि एक गोष्ट, जी मला वाटतं दर निसर्ग-व्याख्यानाच्या आधी सांगायला हवी. पक्षीतज्ज्ञ सालिम अली १९२६ साली याच विभागात गाइड लेक्चरर म्हणून नोकरीला होते, म्हणजे लोकांना फिरवून माहिती सांगायची. पुढे ते जर्मनीला शिकायला गेले, परत आले तर पैसे नाहीत म्हणून ती पोस्टच रद्द झालेली! मग नोकरी नाही म्हणून अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्याची घरटी बघत बसले. त्यातून कळलं की नर अर्धवट घरटं विणतो, मादीला पसंत पडलं की ते पूर्ण करतो, ती अंडी घालायच्या कामाला लागली की पठ्ठ्या दुसरं विणायला घेतो, दुसरी मादी. पोस्ट राहिली असती तर हे कधी झालं असतं कुणास ठाऊक.

दुसरं ठिकाण भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, राणीच्या बागेला लागून. हे १८७२ चं, म्हणजे बरंच जुनं. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, निसर्ग अभ्यासणाऱ्यांची संस्था) जिथे सुरू झाली ती बैठक इथेच झाली, १५ सप्टेंबर १८८३, आठ जण होते, त्यात आपले दोन डॉक्टर, आत्माराम पांडुरंग (प्रार्थना समाजवाले) आणि सखाराम अर्जुन (रखमाबाईंचे सावत्र वडील). जमायचं, नोंदी सांगायच्या, आणलेले नमुने एकमेकांना दाखवायचे, एवढाच कार्यक्रम. बाहेर जो दगडी हत्ती आहे तो घारापुरीचा, १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या नादात क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले, पुढे ते जोडून उभा केला. त्याच्या बाजूला उभं राहून ही गोष्ट ऐकणं आणि एसी हॉलमध्ये फोटो बघत ऐकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून माझा पहिला निकष हाच की वक्ता शेवटी उठून दालनात नेणार आहे का. नेणार असेल तर ऑफिसातून लवकर निघा.

आता तक्रारी. नाव घेत नाही, पण एका ठिकाणी विषय होता वारली चित्रं, वक्ते मराठी, समोर निम्म्याहून जास्त माणसं मराठी, आणि सगळं भाषण इंग्रजीतून, तेही स्लाइडवरचं जसंच्या तसं वाचून. पालघरहून आलेल्या एका बाईंनी मराठीत प्रश्न विचारला तर आयोजकांनी तो इंग्रजीत करून वक्त्यांना सांगितला, ज्यांना तो आधीच कळला होता. अजून एका ठिकाणी माइक पूर्ण वेळ कुईं करत होता आणि प्रश्नांसाठी उरली पाच मिनिटं, त्यातली तीन एका गृहस्थांनी स्वतःची ओळख करून देण्यात घालवली. हा प्राणी प्रत्येक व्याख्यानाला असतो, त्याला पेंढा भरून ठेवायला हरकत नाही.

बरीचशी व्याख्यानं फुकट असतात, काहींना आधी नाव नोंदवावं लागतं, काहींना फी असते, त्यामुळे म्युझियमच्या इन्स्टावर बघून मग निघा. मुलांना न्यायचं असेल तर आधी प्राण्यांच्या विभागातून फिरवून आणा आणि मगच हॉलमध्ये बसवा, उलटं केलंत तर दहाव्या मिनिटाला ‘आई, वाघ कधी’ सुरू होतं.