साठ सेकंदांत बंद होणारा वजनकाटा आणि सासूबाईंची पेटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात माझा खिशातला वजनकाटा कायमचा बंद पडला. २०० ग्रॅम क्षमतेचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा हा काटा मी साडेसातशे रुपयांना मागवला होता. विक्रेत्याच्या सेवा केंद्राने "बॅटरी गळून आत गंज चढला आहे, हे वॉरंटीत बसत नाही" असे कळवून तो जसाच्या तसा परत पाठवला आणि कुरिअरचे १८० रुपयेही माझ्याकडूनच घेतले. बॅटऱ्या त्यांनीच खोक्यात घालून दिलेल्या होत्या, हे मी तीनदा लिहून कळवले. तिन्ही वेळा उत्तर तेच आले. याचा मला मनापासून राग आहे आणि तो मी लपवत नाही. तरीही या काट्याने आठ महिन्यांत आमच्या घराचे जे काम केले, तेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवे.

सासूबाई गेल्यानंतर वाईच्या घरातली लोखंडी पेटी वन्सं, थोरल्या जाऊबाई आणि मी अशा तिघींनी मिळून उघडली. बोरमाळ, पुतळ्यांची (नाण्यासारख्या चकत्यांची) माळ, मोत्यांची नथ, चांदीचे रुपये, दोन ताम्हणे, पळी-पंचपात्र आणि एक पानाचा डबा एवढे सामान निघाले. पण एकाही दागिन्यावर कसली खूण नव्हती. सोन्याचे हॉलमार्किंग आपल्याकडे २००० साली सुरू झाले, तेव्हा त्याच्या दोन पिढ्या आधीच्या दागिन्यांवर ते असण्याचा प्रश्नच नव्हता. मोडायचे, वाटायचे की तसेच ठेवायचे, हे नंतर ठरवू, आधी आपल्याकडे काय आहे ते कळू दे, एवढ्यावर आमचे एकमत झाले. ज्या सराफाकडे आम्ही प्रथम गेलो, त्याने बोरमाळ हातात घेऊन नुसत्या अंदाजाने सांगितले, "ताई, यात मण्यांत भरलेली लाखच फार असते, चाळीस टक्के तर वजा धराच." तो आकडा कोणत्या आधारावर आला, हे विचारल्यावर त्याला उत्तर देता आले नाही. त्याच संध्याकाळी मी काटा मागवला.

काट्यासोबत वजन तपासण्याचे प्रमाणित वजन येत नाही, हे खोके उघडल्यावर कळले. त्यासाठी वेगळे पैसे न घालता मी २०११ च्या मालिकेतली, म्हणजे ₹ चिन्ह असलेली पाच रुपयांची नाणी गोळा केली. त्यांचे ठरलेले वजन प्रत्येकी ६ ग्रॅम असते. न झिजलेली दहा नाणी ठेवली की काट्याने ६० ग्रॅमच्या अगदी जवळचा आकडा दाखवायला हवा, आणि पहिले सहा महिने तो दाखवत होता. २०१९ नंतरचे पाच रुपयांचे नाणे मात्र ६.७४ ग्रॅमचे आहे, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ करू नये.

सुरुवात चांदीच्या रुपयांपासून केली, कारण त्यांचे मूळ वजन माहीत असते. व्हिक्टोरियाच्या काळातला रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक लावले की तो चिकटतो. आमच्याकडच्या अकरा रुपयांपैकी दहांचे वजन ११.४० ते ११.६० ग्रॅमच्या दरम्यान भरले. एक मात्र १०.९४ भरला. नुसत्या वजनावर भरवसा ठेवू नये म्हणून मी शाळेत शिकलेली आर्किमिडीजची रीत वापरली. चहाच्या कागदी पेल्यात पाणी घालून तो काट्यावर ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात असे लोंबते धरायचे की ते तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावर जो आकडा येतो तितके घनसेंटिमीटर त्या नाण्याचे आकारमान. चांगला रुपया ११.५२ ग्रॅमचा होता आणि पाण्यात १.१२ दाखवत होता, म्हणजे घनता साधारण १०.३, अशा चांदीची घनता तेवढीच असायला हवी. शंका असलेल्या रुपयाने १.२७ दाखवले, म्हणजे ८.६. ती चांदी नव्हे; पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असावे, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते.

आता या काट्याचा तो दोष, ज्याने मला महिनोन्‌महिने छळले. साठ सेकंद आकडा बदलला नाही की काटा आपोआप बंद होतो. ही सोय बॅटरी वाचवण्यासाठी आहे हे मला समजते. परंतु पाण्यातल्या वजनात नाण्याच्या कडेला चिकटलेले हवेचे बुडबुडे मऊ ब्रशने काढावे लागतात, दोरा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते, आणि आकडा स्थिर होऊन तो वहीत उतरवायला मान वळवावी तोवर पडदा काळा झालेला असतो. नाणे पाण्यात असतानाच काटा पुन्हा सुरू केला तर तो त्या नाण्यासकट शून्य धरतो आणि सगळे मोजमाप वाया जाते. नाणे बाहेर काढले तर त्याच्याबरोबर पाण्याचे थेंबही जातात, म्हणून ते पुसायचे, पेला भरायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. अकरा रुपयांना मला दोन पूर्ण दुपारी लागल्या. काटा बनवणाऱ्याने ही वेळ तीन मिनिटे ठेवली असती किंवा ही सोय बंद करण्याची कळ दिली असती, तर त्याचे काही बिघडले नसते.

इथे मला माझे मत थोडे बदलावे लागले, हेही सांगते. तिसऱ्या महिन्यात लक्षात आले की रिकामा काटा सुरू करून त्यावर पेला ठेवण्याऐवजी पेला आधीच ठेवून काटा सुरू केला, तर शून्य करण्याची कळ दाबावीच लागत नाही आणि दहा-पंधरा सेकंद वाचतात. तेव्हापासून एका नाण्याला एकच प्रयत्न पुरू लागला. माझी निम्मी तक्रार माझ्या पद्धतीमुळे होती. उरलेली निम्मी मात्र अजून कायम आहे.

बोरमाळेच्या बाबतीत चूक माझीच झाली. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते, हे माहीत असूनही मी सगळी माळ पाण्यात सोडली. कोरडी १५.४२ ग्रॅम, पाण्यात ४.४६, म्हणजे सरासरी घनता साडेतीनच्या आत. बावीस कॅरेट सोन्याची घनता सुमारे १७.७ आणि लाखेची एकाहून थोडी जास्त धरली, तर सोने अंदाजे ११ ग्रॅम येते आणि लाख साडेचार ग्रॅमच्या आसपास. पण माळ दिवसभर वाळवूनही काट्याने १५.४९ दाखवले, कारण मण्यांच्या भोकांतून पाणी आत शिरले होते. ते वाळायला चार दिवस लागले आणि जुना दोरा एका ठिकाणी कुजून सुटला. कुणीही असे करू नये. तन्मणी, कुंदनकाम आणि नथ तर पाण्याजवळ नेऊच नये; कुंदनाच्या खड्यांमागचा वर्ख काळवंडला की तो पूर्ववत होत नाही आणि मोत्यांचेही नुकसान होते.

माळ पटवेकऱ्याकडे नव्याने गाठवायला दिली, तेव्हा आधीच चेपलेले चार मणी बाजूला निघाले. ते मी एका वयस्कर कारागिराकडे नेले. त्यांनी माझ्यासमोर ते मंद आचेवर धरून लाख काढून दिली. लाख वितळताना येणारा तो करपट-गोड वास आणि सोन्याची कागदासारखी पातळ टरफले बशीत पडलेली मला अजून दिसतात. चारही मणी मिळून आधी १.५३ ग्रॅम होते, नंतर १.०९ राहिले. म्हणजे लाख एकोणतीस टक्के, पाण्याच्या हिशोबाशी जुळणारी. चाळीस टक्के मुळीच नव्हे. सगळ्या माळेवर हा फरक पावणेदोन ग्रॅम सोन्याचा होतो. काट्याची किंमत त्या एका आकड्यात अनेक पटींनी वसूल झाली, असे मी म्हणेन.

पेटीच्या तळाला सासूबाईंच्या सासूबाईंची एक यादी होती. तिच्यात "बोरमाळ सव्वा तोळा आठ गुंजा" असे लिहिले आहे. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज ०.१२१५ ग्रॅम, आणि एकूण १२८ गुंजांचे १५.५५ ग्रॅम होतात. आमची माळ १५.४२. फरक एका गुंजेचा, आणि तो इतक्या वर्षांच्या झिजेत सहज जाऊ शकतो. खूण नसलेला दागिना कोणाचा, हे अशा वजनाने ओळखता येते याचा मला विलक्षण आनंद झाला. वन्संच्या डोळ्यांत पाणी आले, कारण ती माळ नंतर कधीतरी मोडून नवी केली असावी, असे घरात सगळे समजत होते.

पुतळ्यांनी मात्र काट्याची खरी मर्यादा दाखवली. अठरा पुतळ्यांपैकी तीन कडीसकट पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरल्या, बाकीच्या सव्वा ग्रॅमच्या आत. व्हेनिसचे डुकाट हे सोन्याचे नाणे साडेतीन ग्रॅमचे असे, त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा शासक, असतो, आणि आपल्याकडच्या पुतळ्या त्याच नाण्यावरून आल्या. दहापट भिंगाखाली त्या तिघींवरची अक्षरे वाचता येतात. इतरांवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आहेत. पाण्यात त्या तिघींपैकी एका पुतळीचा आकडा ०.२० आला. त्यात ०.०१ इकडेतिकडे झाले की घनता १७.८ ते १९.७ पर्यंत कुठेही जाते, म्हणजे सोने बावीस कॅरेटचे की चोख, हे ठरतच नाही. इतके दिवस मी साठ सेकंदांवर चिडत होते, पण लहान दागिन्यांसाठी ०.०१ चा काटाच अपुरा आहे, हा त्याहून मोठा दोष मला उशिरा उमगला. या तीन पुतळ्या नाणी म्हणून जाणकाराला दाखवायच्या आहेत. कडी डाखलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात, तरी त्या वितळवण्याच्या भावाने जाऊ नयेत.

देवघरात रामदरबाराचे, १८१८ सालचे आणि "यूकेएल एक आणा" असे लिहिलेले एक नाणे आहे, त्याचे वजन करायची गरजच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने असे नाणे पाडलेच नव्हते. ती नंतर बनवलेली पदके आहेत आणि त्यांना लाखोंची किंमत सांगणारे लोक आधी शुल्क मागतात. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क मागितले जाते, त्याला बळी पडू नका, असे रिझर्व्ह बँकेनेही २०२१ च्या ऑगस्टमध्ये सांगितले होते. जाऊबाई त्या नाण्याची रोज पूजा करतात, तशीच ती चालू राहील.

भांड्यांना हा काटा उपयोगी नाही, ती २०० ग्रॅमच्या वर जातात. पण मोठ्या ताम्हणावर ठिपक्यांनी नाव घातलेले असून त्याखाली शके १८४६ आहे, म्हणजे इसवी सन १९२४-२५. न्यू जर्सीतल्या पुतण्याला ते हवे आहे. शंभर वर्षे झालेली कलात्मक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षणाला दाखवल्याशिवाय ते सामानात भरायचे नाही, असे त्याला कळवले आहे.

काल मी दुसरा काटा घेतला, ५० ग्रॅम क्षमतेचा आणि ०.००१ ग्रॅमचा, १,६५० रुपयांना. मागवण्यापूर्वी विक्रेत्याला फोन करून एकच प्रश्न विचारला, आणि आपोआप बंद होणे थांबवता येते, असे उत्तर मिळाल्यावरच पैसे भरले. काम झाले की बॅटऱ्या काढून डब्यात ठेवते. रविवारी त्या तीन पुतळ्या पुन्हा पाण्यात धरणार आहे.